देवाला सोडलेल्या लेकी आणि बापाचा हात

'पोरगी देवाला सोडली' असं आपल्याकडं म्हणायची रीत. कुणी सोडली, ते त्या वाक्यात येतच नाही. देवी मागायची, जट यायची, गाव बोलायचं. आईबाप तेवढे नामानिराळे. मला हे वाक्य पुरं करायचंय.

दाब खोटा नव्हता. मूल होईना, जनावरं दगावली की नवस. केसांत गुंता झाला की यल्लम्माची जट. नवस फेडला नाही तर कोप होईल, ही धास्ती पुजारी घालायचे. घरात मुलगा नसला की मुरळी झालेली लेक बापाच्या घरी राहून कमवायची. भूक होती, भीतीही होती. आणि बहुतेक लेकी महारामांगांच्याच. वाड्यावरची लेक देवीनं मागितल्याचं कुणी ऐकलंय? फायदा कुणाचा, ते उघड आहे.

पण जेजुरीला भंडारा उधळून नकळत्या पोरीचं खंडोबाशी लग्न लावलं, तेव्हा तिला तिथवर नेणारा हात बापाचाच. ही घरातलीच हिंसा.

शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली पुण्यात 'सोमवंशीय मित्र' मासिक काढलं आणि मुरळ्या सोडू नका, असं आपल्याच जातीला सुनावलं. १९०९ साली शिवूबाई लक्ष्मण जाधव या मुरळीनं त्यात पत्र लिहून आपल्या जिण्याचं दुःख मांडलं. कांबळ्यांचे सहकारी गणपतराव हनमंतराव गायकवाड यांनी तिच्याशी लग्न केलं. देवाचा, जातीचा दाब तोच होता. हा माणूस वाकला नाही.

१६ जून १९३६ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी कामाठीपुऱ्यातल्या मुरळ्या-जोगतिणींना बजावलं, हे जिणं सोडा. मी विचारतो, सुटायची जबाबदारी बायांनी घ्यायची, तर बांधल्याची कुणी घ्यायची?

मुंबई इलाख्यात १९३४ सालीच देवदासी सोडणं गुन्हा ठरलं. सौंदत्तीचा डोंगर कर्नाटकात. तिथल्या १९८२ च्या कायद्यानं इतरांना तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली. गुन्हेगार आईबाप किंवा नातेवाईक असेल तर दोन ते पाच वर्षं. घरच्या माणसाचा गुन्हा मोठा, हे कायद्यानंही मानलं.

१४ ऑक्टोबर १९५६ ला आपण देव नाकारले. त्याबरोबर देवावर ढकलायची सोयही गेली. पण देवीच्या जागी आता 'लोक काय म्हणतील' येऊन बसलंय. २०१३ साली नाशकात जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर लेकीला बापानंच मारलं. जातपंचायतीचा दाब पुढं आला, चळवळ उठली, २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला. ते झालंच पाहिजे होतं. पण पंचांनी गळा दाबला नव्हता.

मित्रांनो, दाब टाकणाऱ्यांशी आपण लढूच. पण वाकलेल्या बापाला 'बिचारा' म्हणून सोडू नका. तो आपल्यातला असला तर आधी त्याच्याच दारात जाऊन विचारा.