भ्रमनिरासाचे गायन, मराठवाड्यातील

स्वातंत्र्य व समता या राष्ट्रीय ध्येयांसाठी जे समाजगट झगडले, त्यांच्या वाट्याला ती ध्येये प्रत्यक्षात पुरेशी आली नाहीत, या जाणिवेतून निर्माण झालेली गीते, जलसे, काव्य व नाट्य यांस स्थूलमानाने ही संज्ञा देता येईल. ही जाणीव स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. तथापि मराठवाड्यात तिला विशेष धार आली. या प्रदेशाला स्वातंत्र्य उशिरा मिळाले, आणि त्यानंतरच्या अपेक्षाभंगाच्या काही ठळक घटना याच भूमीवर घडल्या.

पार्श्वभूमी : मराठवाडा हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. १९३८ साली औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) व हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ गाण्याचा आग्रह धरला. त्यासाठी त्यांना शिक्षणसंस्थांतून काढून टाकण्यात आले आणि त्यांतील अनेकांनी नागपूर विद्यापीठाचा आश्रय घेतला. एक गीत गाता यावे यासाठी शिक्षणावर पाणी सोडणारी ही पिढी पुढे स्वामी रामानंद तीर्थ (१९०३–७२) यांच्या नेतृत्वाखालील लढ्यात उतरली. भारत स्वतंत्र झाल्यानंतर तेरा महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, संस्थानची राजवट संपुष्टात आली. राष्ट्रीय ध्येयाचा उच्चार येथे गायनातून झाला होता. त्या ध्येयासंबंधीचे प्रश्नही पुढे गायनातूनच विचारले गेले.

जलशाची परंपरा : या गायनाची मुख्य वाहने शाहिरी व जलसा ही होत. सत्यशोधक जलशांनी तमाशातील गण, गवळण व वग ही चौकट कायम ठेवून तिच्यातील आशय बदलला. १९३० नंतर भीमराव कर्डक प्रभृतींच्या आंबेडकरी जलशांनी हाच मार्ग अनुसरला. ढोलकी, डफ, तुणतुणे, झांज व पेटी एवढ्या साहित्यावर रात्रभर चालणारे हे कार्यक्रम निरक्षर श्रोत्यांचे वृत्तपत्रच होते. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेसारख्या लोककलांच्या जुन्या केंद्रांमुळे या प्रदेशातील श्रोत्यांचा कान अशा गायनास सरावलेला होता. लाल बावटा कलापथकाचे अण्णा भाऊ साठे (१९२०–६९) व अमर शेख (१९१६–६९) यांनी शाहिरीला वर्गीय जाणिवेची जोड दिली.

वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी या परंपरेला स्वातंत्र्योत्तर प्रश्नांकडे वळविले. राष्ट्राच्या संपत्तीत आपला वाटा कोठे आहे, असे बड्या उद्योगपतींची नावे घेऊन विचारणारे त्यांचे गीत महाराष्ट्रभर पसरले. त्यात आक्रोश नाही, हिशेबाची मागणी आहे. संविधान लागू झाल्यावर राजकारणात समता व सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशी विसंगती निर्माण होईल, असा इशारा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. वामनदादांनी त्याच इशाऱ्याला गेय रूप दिले.

१९७२ चे वळण : स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षी महाराष्ट्रात तीव्र दुष्काळ होता. त्याच वर्षी परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे दलित स्त्रियांची विटंबना झाली. १५ ऑगस्ट १९७२ च्या साधना विशेषांकातील ‘काळा स्वातंत्र्यदिन’ या लेखात राजा ढाले यांनी राष्ट्रध्वजाच्या अपमानाबद्दलची शिक्षा आणि दलित स्त्रीच्या अब्रूबद्दलची शिक्षा यांची तुलना करून मोठी खळबळ उडवून दिली. प्रतीकाला असलेले संरक्षण माणसाला का नाही, हा त्या लेखाचा गाभा होता. याच वर्षी दलित पँथरची स्थापना झाली आणि नामदेव ढसाळ (१९४९–२०१४) यांचा गोलपिठा हा काव्यसंग्रहही प्रकाशित झाला. औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांच्या अस्मितादर्श या नियतकालिकाने अशा लेखनाला हक्काचे व्यासपीठ पुरविले.

विकास व नामांतर : १९५३ च्या नागपूर कराराने मराठवाड्याला न्याय्य वाट्याचे आश्वासन दिले होते. ते पुरे झाले नाही, या भावनेतून १९७४ साली विकास आंदोलन उभे राहिले. अर्धापूरच्या शेजारी असलेल्या वसमत येथे या आंदोलनात पोलीस गोळीबार होऊन विद्यार्थ्यांचे प्राण गेले. त्यानंतर चारच वर्षांनी याच प्रदेशात दुसरा प्रश्न उभा राहिला. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने संमत करताच दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथील पोचीराम कांबळे हे त्यांत मारले गेले. १९९३ च्या नोव्हेंबरात गौतम वाघमारे यांनी नांदेड येथे आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. सोळा वर्षांच्या या काळात गायनपार्ट्या हे चळवळीचे प्रमुख प्रचारसाधन राहिले, आणि हुतात्म्यांची नावे गीतांतून गावोगाव पोहोचली. सरकारविरुद्ध तक्रार करणारा मराठवाडा आपल्याच शेजाऱ्याला समता नाकारतो, हे कटू सत्य या गीतांनी उघड केले.

शेतकऱ्यांची गाणी व नाटक : शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी (१९३५–२०१५) यांनी ‘इंडिया’ व ‘भारत’ अशी फाळणी मांडून राष्ट्र एकसंध असल्याच्या कल्पनेवर प्रश्नचिन्ह लावले. वसमत तालुक्यातील रिधोरा येथे जन्मलेल्या इंद्रजित भालेराव यांच्या पीकपाणी (१९८९) या संग्रहाने कुणब्याच्या व्यथेला त्याच्याच बोलीत शब्द दिले. त्यांची कविता शेतकऱ्यांच्या मेळाव्यांत गायिली गेली. नांदेडचे नाटककार दत्ता भगत यांनी वाटा-पळवाटा या नाटकात दलित चळवळीतील तीन पिढ्या परस्परांसमोर उभ्या करून भ्रमनिरासाची दृष्टी चळवळीच्या अंतरंगाकडे वळविली.

मूल्यमापन : या कलाप्रकारांवर राष्ट्रविरोधाचा आरोप झाला, तसेच त्यांचे प्रचारकी स्वरूपही टीकेचा विषय ठरले. दुसरा आक्षेप काही अंशी खरा आहे : प्रसंगापुरती रचलेली अनेक गीते प्रसंगाबरोबरच विरून गेली. पहिला आक्षेप मात्र टिकत नाही. ज्यांना राष्ट्र नको असते, ते त्याच्याकडे वाटा मागत नाहीत. स्वातंत्र्यदिनाला काळा म्हणणारी परंपरा आंबेडकर जयंतीला संविधानाची गाणी गात आली आहे, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय होय. ध्येय नाकारण्यापेक्षा दिलेल्या शब्दाची आठवण करून देणे, हे या गायनाचे मुख्य कार्य होय. जलशाचे फड विरळ झाले, गीते आधी ध्वनिफितींवर व नंतर भ्रमणध्वनीवर आली, तरी हे कार्य संपलेले नाही.