डॉलरचं गाव आणि फेकून दिलेला काळा दगड

आपल्या आयटीवाल्यांची निम्मी स्वप्नं ज्या डॉलरमध्ये मोजली जातात, तो शब्द एका खाणीच्या गावातून आलाय. हे गाव आजच्या चेक प्रजासत्ताकातलं याखिमोव्ह, जुनं जर्मन नाव योआखिमस्थाल. 1516 मध्ये इथे चांदी सापडली. तिची नाणी म्हणजे योआखिमस्थालर, बोलण्यात थालर, आणि पुढे डॉलर.

पण डोंगरात चांदी आली कुठून? खडकांना खोलवर भेगा पडल्या, त्यांतून गरम, खारं पाणी फिरलं आणि वाटेतले धातू विरघळवत आलं. तापमान, दाब किंवा पाण्याची केमिस्ट्री बदलली की धातू भेगेत साचतात. गीझरच्या कॉइलवर क्षार चढतात ना, साधारण तसंच. हीच हायड्रोथर्मल शीर. इथल्या शिरा एकदाच नाही, अनेकदा भरल्या. आधीच्या फेरीत युरेनियमचा जड, काळा पिचब्लेंड, नंतर चांदी, कोबाल्ट, निकेल, बिस्मथ. म्हणजे चांदी आणि विष एकाच भेगेत शेजारी!

जर्मनमध्ये ‘पेख’ म्हणजे डांबर, आणि फुटकं नशीबसुद्धा. चांदी शोधणाऱ्यांना तो काळा दगड बिनकामाचा, म्हणून फेकून द्यायचे.

फुप्फुसं मात्र तेव्हाच खराब होत होती. 1527 पासून काही वर्षं या गावचा डॉक्टर होता गेओर्ग अग्रिकोला. 1556 मध्ये छापलेल्या खाणींवरच्या ग्रंथात त्याने कामगारांच्या श्वासाच्या आजारांबद्दल लिहिलं, दोष धुळीला दिला. त्याच्या काळाच्या मानाने बरोबरच होतं म्हणा. युरेनियममधून रेडियम, रेडियममधून रेडॉन वायू, हे त्याला कुठून कळणार? 1879 मध्ये याच डोंगररांगेच्या जर्मन बाजूला, श्नेबर्गमध्ये, दोन डॉक्टरांनी दाखवलं की कामगार फुप्फुसातल्या गाठींनी मरतायत.

मग पिचब्लेंडला भाव आला. आधी काचेला पिवळा-हिरवा रंग द्यायला त्यातून युरेनियम काढायचे आणि उरलेला गाळ टाकून द्यायचे. तोच गाळ मेरी क्युरीने मागवला. कित्येक टन उकळून, गाळून 1902 पर्यंत हाती लागलं जेमतेम 0.1 ग्रॅम रेडियम क्लोराइड.

दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत युनियनला बॉम्बसाठी युरेनियम हवं होतं. 1948 च्या कम्युनिस्ट सत्तापालटानंतर इथल्या खाणींत राजकीय कैदी उतरवले गेले. छावण्या खाणींना खेटूनच होत्या.

आणि आज? खाणीतलं रेडॉनयुक्त पाणी नळाने हॉटेलांत येतं. सांधेदुखीवाले पैसे मोजून त्यात डुंबतात.