पेट्यांत वाढलेले संग्रहालय

बीजिंगचे राजवाडा संग्रहालय आणि तैपेईचे राष्ट्रीय राजवाडा संग्रहालय आज दोन सरकारांच्या ताब्यात आहेत. दोघांचा स्थापना दिवस मात्र एकच आहे, १० ऑक्टोबर १९२५. दोघांचा गाभाही एकच, तो म्हणजे चीनच्या सम्राटांनी शतकानुशतके जमवलेला खजिना. एका संग्रहाची दोन संग्रहालये झाली ती कुणी ठरवून केलेल्या वाटणीमुळे नव्हे. आधी परकीय आक्रमण आणि मग यादवी युद्ध यांतून वाट काढत पेट्यांमधून झालेल्या प्रवासाचा हा परिणाम होता.

चीनमध्ये राजसंग्रहाला शोभेपलीकडचे महत्त्व होते. जुन्या घराण्याची कांस्यपात्रे, चित्रे, हस्ताक्षरे आणि ग्रंथ ज्याच्या हाती, तो राज्याचा खरा वारस, अशी समजूत होती. सोंग घराण्याचा सम्राट हुइत्सोंग स्वतः उत्तम चित्रकार होता. त्याच्या दरबारात तयार झालेल्या चित्रसूचीत सहा हजारांहून अधिक चित्रांची नोंद आहे. ११२७ मध्ये उत्तरेकडच्या जिन फौजांनी राजधानी काबीज केली तेव्हा त्यांनी सम्राटाला कैद करून नेले आणि त्याच्याबरोबर त्याचा संग्रहही नेला. पुढच्या घराण्यांनी हाच कित्ता गिरवला, आणि १६४४ मध्ये बीजिंग घेणाऱ्या मांचूंच्या छिंग घराण्याकडे मिंग राजवाड्यात उरलेला ठेवा आपोआप आला.

या संग्रहाला आजचे रूप दिले ते छ्येनलोंग सम्राटाने. १७३५ ते १७९६ अशी साठ वर्षे तो गादीवर होता. चांगली वस्तू दिसली की ती मिळवायची आणि मिळाली की तिच्यावर आपली मोहोर उठवायची, ही त्याची खोड होती. चित्रांच्या मोकळ्या जागेत तो स्वतःच्या कविता लिही, आणि सोंगकाळातल्या नाजूक निळसर चिनीमातीच्या भांड्यांच्या बुडावरही कविता कोरून घेई. या हौसेचा सर्वांत मोठा फजितवाडा ह्वांग कोंगवांग याच्या ‘फूछुन डोंगरातील निवास’ या चौदाव्या शतकातल्या लांब गुंडाळी-चित्राच्या बाबतीत झाला. सम्राटाकडे १७४५ मध्ये या चित्राची एक नक्कल आली. ती अस्सल समजून त्याने तिच्यावर पन्नासहून अधिक वेळा लेखन केले. दुसऱ्याच वर्षी खरे चित्र हाती आले, तर त्याने ते नकली ठरवले आणि तरीही विकत घेतले. सम्राटाची पारख चुकली म्हणूनच अस्सल चित्र त्याच्या लेखणीपासून बचावले. आज दोन्ही चित्रे तैपेईत आहेत.

त्याच्या संग्रहाचा एक धागा भारताशी जुळतो. १७५९ मध्ये मध्य आशियातला शिनज्यांगचा प्रदेश छिंग साम्राज्यात आल्यावर त्या वाटेने मुघल कारागिरांनी घडवलेली जेडची पात्रे दरबारात पोहोचू लागली. पानाफुलांच्या आकाराच्या आणि प्रकाश आरपार जाईल इतक्या पातळ कडांच्या या वाट्या-ताटल्यांवर छ्येनलोंग इतका भाळला की त्यांना ‘हिंदुस्थानी जेड’ म्हणत त्याने त्यांच्यावर अनेक कविता लिहिल्या. मुघलांची सत्ता दिल्लीत खिळखिळी होत असताना त्यांच्या शैलीची पात्रे बीजिंगच्या कपाटांत मानाने लागत होती. त्यातली बरीच आता तैपेईच्या संग्रहात आहेत.

फेब्रुवारी १९१२ मध्ये सहा वर्षांच्या पुयी सम्राटाच्या नावाने राजत्यागाचे फर्मान निघाले आणि चीन प्रजासत्ताक झाला. तडजोडीनुसार पुयीला राजवाड्याच्या आतल्या भागात राहू दिले. राज्य गेले तरी नोकरचाकर, खोजे आणि खर्च तसेच राहिले, आणि वस्तू हळूहळू बाहेर जाऊ लागल्या. काही गहाण पडल्या, काही चोरीला गेल्या. पुयीने स्वतः धाकट्या भावाला ‘बक्षीस’ म्हणून रोज काही चित्रे आणि ग्रंथ देण्याचा सपाटा लावला. भाऊ शिकायला येई आणि जाताना पुस्तकांच्या गाठोड्यातून ती बाहेर नेई. जून १९२३ मध्ये छ्येनलोंगच्या आवडत्या वस्तू ठेवलेल्या च्येनफू महालाला आग लागली. चोऱ्या लपवण्यासाठी खोज्यांनीच ती लावली, असा पुयीचा संशय होता. त्याने जवळपास सगळ्या खोज्यांना काढून टाकले. जळालेले मात्र परत येणार नव्हते.

५ नोव्हेंबर १९२४ रोजी सेनानी फेंग युश्यांग याच्या सैनिकांनी पुयीला काही तासांत राजवाडा सोडायला लावला. लगेच एक समिती नेमली गेली आणि मोजदाद सुरू झाली. तिचे नियम कडक होते. कुठल्याही दालनात एकट्याने जायचे नाही, खिसे नसलेला पोशाख घालायचा, बाह्या मनगटाशी बांधायच्या, प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यायचा. बीजिंगच्या कडाक्याच्या थंडीत, शेगडीविना हे काम चाले. झालेल्या नोंदी पुढे २८ खंडांत छापल्या गेल्या आणि वस्तूंची संख्या ११ लाख ७० हजारांवर गेली. याच कामात पुयीने भावाला दिलेल्या चित्रांची यादी सापडली, तीत हजाराहून अधिक गुंडाळ्या होत्या. पुयी परत येण्याचा धोका होता, म्हणून समितीने घाई करून १० ऑक्टोबर १९२५ ला, क्रांतीच्या वर्धापनदिनी, राजवाड्याचे दरवाजे लोकांसाठी उघडले. राजाची खासगी मालमत्ता एकदा जनतेची झाली की ती परत मागणे अवघड, हा त्यामागचा हिशेब होता, आणि तो अचूक ठरला.

संग्रहालयाला स्थिरतेची जेमतेम सहा वर्षे मिळाली. सप्टेंबर १९३१ मध्ये जपानने मांचुरियात हात घातला, आणि बीजिंगही सुरक्षित नाही हे स्पष्ट झाले. वस्तू दक्षिणेला हलवायच्या ठरल्या तेव्हा शहरात संताप उसळला. सरकार माणसांना शत्रूच्या तोंडी देऊन पुराणवस्तू वाचवते आहे, हा आक्षेप होता. लेखक लू शुन यांनीही या निर्णयाची टर उडवली. आक्षेप चुकीचा म्हणता येत नाही. पण राजधानी पडली की राजसंग्रह विजेत्याच्या घरी जातो, हा अनुभव या देशाला आठशे वर्षांपूर्वीच आला होता.

बांधाबांध करायची कशी, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हते. कर्मचाऱ्यांनी शहरातल्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांकडून धडे घेतले. राजवाड्याच्या कोठारात चिनीमातीच्या भट्ट्यांचे गाव असलेल्या चिंगदचेनहून पूर्वी आलेल्या आणि अजून न उघडलेल्या पेट्या होत्या. त्या सोडवून जुने पॅकिंग पाहिले. कापूस, कागद आणि भाताचा पेंढा यांनी प्रत्येक वस्तू वेगळी करायची आणि पेटीत तसूभरही मोकळी जागा ठेवायची नाही, हे तंत्र ठरले. सर्वांत अवघड होते दहा दगडी ढोल, म्हणजे छिन राज्यातले दोन हजार वर्षांहून जुने शिलालेख कोरलेले अवजड दगड. त्यांचा पृष्ठभाग सुटू नये म्हणून कोरीव अक्षरांच्या खाचांत ओला कागद ठासला आणि वर गोधड्या गुंडाळल्या. पुढे त्यांना नेणारा ट्रक उलटूनही ढोल शाबूत राहिले.

फेब्रुवारी १९३३ मध्ये एका रात्री रस्ते बंद करून हातगाड्यांवरून पेट्या स्थानकावर नेल्या गेल्या. मे महिन्यापर्यंत एकट्या राजवाडा संग्रहालयाच्या १३,४२७ पेट्या शांघायला पोहोचल्या, आणि इतर संस्थांच्या सहा हजारांहून अधिक पेट्याही त्यांच्याबरोबर होत्या. त्याच वर्षी संचालक यी पेयची यांच्यावर वस्तू लांबवल्याचा आरोप झाला. त्यांनी राजीनामा दिला, आणि आरोप सिद्ध न होताच १९३७ मध्ये ते वारले. त्यांच्या जागी शिलालेखांचे अभ्यासक मा हेंग आले.

शांघायमधून निवडक ८० पेट्या लंडनला जाऊन आल्या. १९३५-३६ च्या हिवाळ्यात रॉयल अकादमीत भरलेल्या चिनी कलेच्या प्रदर्शनासाठी ब्रिटिश नौदलाच्या युद्धनौकेतून त्या नेल्या होत्या. परतताना ज्या बोटीत त्या होत्या ती जिब्राल्टरजवळ गाळात रुतली. सुदैवाने नुकसान झाले नाही.

नानजिंगला कायमची कोठारे बांधून झाली आणि संग्रह तिथे गेला, तोच जुलै १९३७ मध्ये जपानशी उघड युद्ध पेटले. मग पेट्या तीन वाटांनी पश्चिमेला निघाल्या. लंडनहून आलेल्या ८० पेट्या छांगशामार्गे क्वेचौ प्रांतातल्या आनशुनजवळच्या एका गुहेत गेल्या. ९,३३१ पेट्या यांगत्से नदीतून बोटींनी चोंगछिंगला आणि तिथून लशानजवळच्या खेड्यात पोहोचल्या. सात हजारांहून अधिक पेट्या रेल्वेने उत्तरेला वळसा घालून, बर्फात छिनलिंग पर्वत ओलांडून, शेवटी अमेय पर्वताच्या पायथ्याशी आल्या. डिसेंबरात नानजिंग पडले तेव्हा जवळजवळ तीन हजार पेट्या मागेच राहिल्या होत्या.

या प्रवासात थोडक्यात निसटण्याचे प्रसंग इतके आहेत की सरकारी अहवाल वाचतानाही धडकी भरावी. छांगशात ज्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात पेट्या होत्या, त्या तिथून हलल्यावर काही महिन्यांत ते बॉम्बहल्ल्यात जमीनदोस्त झाले. ऑगस्ट १९३९ मध्ये लशान शहर बेचिराख झाले, पण पेट्या शहराबाहेरच्या खेड्यातल्या पूर्वजांच्या मंदिरांत होत्या. या मंदिरांत संग्रहालयाचे लोक कुटुंबांसह युद्ध संपेपर्यंत राहिले. उन्हाळ्यात पेट्या उघडून चित्रांना हवा द्यायची, वाळवी पाहायची, पुन्हा बांधायचे, हा त्यांचा दिनक्रम होता. चोंगछिंगला एक कर्मचारी बोटीच्या तळखोलीत पडून मरण पावला. संग्रहाची मोठी हानी मात्र झाली नाही.

१९४७ पर्यंत सगळ्या पेट्या नानजिंगला परतल्या. लवकरच कम्युनिस्टांबरोबरच्या यादवी युद्धाचा निकाल दिसू लागला, आणि १९४८ च्या अखेरीस राष्ट्रवादी नेते च्यांग कै-शेक यांच्या सरकारने निवडक पेट्या तैवानला पाठवायचे ठरवले. ‘चोंगतिंग’ नौका डिसेंबरात संग्रहालयाच्या ३२० पेट्या घेऊन निघाली. बंदरात बोट लागताच नौदलाच्या लोकांची कुटुंबे जीव वाचवायला तिच्यावर चढली होती. त्यांची समजूत घालून त्यांना उतरवावे लागले. जानेवारीत ‘हायहू’ने १,६८० आणि ‘खुनलुन’ने ९७२ पेट्या नेल्या. ‘खुनलुन’मध्ये जेवणाची खोलीही भरली, तरी सातशेहून अधिक पेट्या धक्क्यावरच राहिल्या. एकूण २,९७२ पेट्या म्हणजे बीजिंगहून निघालेल्यांच्या सुमारे २२ टक्के. पण त्या निवडून घेतलेल्या होत्या, आणि चित्रे, हस्ताक्षरे व सोंगकाळची भांडी यांत तैपेईचे पारडे आजही जड आहे ते त्यामुळेच. मा हेंग यांनी तैवानला जाण्याचे टाळले आणि ते बीजिंगमध्येच राहिले.

तैवानमध्ये पेट्या आधी तैचुंगच्या साखर कारखान्याच्या गोदामात आणि १९५० पासून जवळच्या पेइकौ गावात ठेवल्या गेल्या. तिथे १९५७ मध्ये छोटे दालन उघडले. दुसऱ्याच वर्षी अभ्यासक ली लिन-त्सान यांना फान ख्वान या सोंगकाळातल्या चित्रकाराच्या दोन मीटर उंचीच्या ‘डोंगर-ओढ्यांतील वाटसरू’ या चित्रात, वाटसरूंच्या मागच्या झाडीत लपलेली चित्रकाराची सही दिसली. नऊशेहून अधिक वर्षे ती जवळपास कुणाच्या ध्यानात आली नव्हती. तैपेईच्या उत्तरेला वायश्वांगशी येथे डोंगराच्या पोटात कोठारे असलेली आजची इमारत १२ नोव्हेंबर १९६५ रोजी, प्रजासत्ताकाचे संस्थापक सन यत-सेन यांच्या जयंतीला उघडली. बीजिंगमध्ये सांस्कृतिक क्रांतीचे वारे सुरू होत होते, आणि चिनी परंपरेचे खरे राखणदार आपणच, हे सांगायला तैपेईला ही इमारत उपयोगी पडली.

तैपेईच्या संग्रहात आज सुमारे सात लाख वस्तू आहेत. गर्दी होते ती हिरव्या-पांढऱ्या जेडमधून कोरलेल्या, पानावर नाकतोडे बसलेल्या कोबीसमोर आणि डुकराच्या शिजवलेल्या मांसाच्या तुकड्यासारख्या दिसणाऱ्या दगडासमोर. दोन्ही गमतीच्या वस्तू आहेत. कोबीला सरकारी वर्गवारीत ‘राष्ट्रीय ठेवा’चा सर्वोच्च दर्जाही नाही. मोठा मान माओ कोंगच्या तिवईसारख्या कांस्यपात्राचा, कारण त्याच्या आत सुमारे ५०० अक्षरांचा लेख आहे आणि ज्ञात कांस्यलेखांत तो सर्वांत लांब मानला जातो. संख्येने पाहिले तर या संग्रहाचा बहुतांश भाग कागदाचा आहे. त्यात छिंग दरबाराची दफ्तरे, सम्राटांनी लाल शाईत शेरे मारलेले अर्ज आणि दुर्मीळ ग्रंथ आहेत. इतिहासकारांना ओढून आणतो तो हा कागद.

बीजिंगकडे मूळ राजवाडा राहिला आणि १८ लाखांहून अधिक वस्तू. तिथल्या सरकारने हरवलेलेही परत मिळवायला सुरुवात केली. छ्येनलोंगने आपल्या एका छोट्या खोलीत जपलेल्या तीन हस्ताक्षरांपैकी एक तैपेईला गेले होते. उरलेली दोन कधीच बाहेर विकली गेली होती. ती १९५१ मध्ये पंतप्रधान चौ एनलाय यांच्या आदेशाने हाँगकाँगला विकत घेतली गेली. पुयीने भावाकरवी बाहेर काढलेल्या चित्रांची कथा वेगळीच आहे. जपानने त्याला मांचुरियात गादीवर बसवल्यावर ती तिथल्या त्याच्या नव्या राजवाड्यात पोहोचली, १९४५ मध्ये पहारेकऱ्यांनी लुटली, आणि जी सापडली त्यांपैकी बरीच आता ल्याओनिंग प्रांताच्या संग्रहालयात आहेत.

बीजिंग आणि तैपेईच्या संग्रहालयांच्या संचालकांची भेट २००९ मध्ये झाली. जून २०११ मध्ये ‘फूछुन डोंगरा’चे दोन तुकडे एकत्र दिसले. १६५० मध्ये मरणासन्न मालकाने हे चित्र आपल्याबरोबर जाळायला सांगितले होते. पुतण्याने ते आगीतून ओढून काढले, पण त्याचे दोन तुकडे झाले. लहान तुकडा हांगचौच्या संग्रहालयातून तैपेईला आला. मोठा तुकडा हांगचौला जाऊ शकला नाही. गेलेली वस्तू जप्त होणार नाही अशी कायद्याची हमी मिळाल्याशिवाय तैपेई आपले काही बाहेर पाठवत नाही, आणि जपानने असा कायदा केल्यावरच २०१४ मध्ये तिथे प्रदर्शन भरले. तैपेईने २०१५ मध्ये च्याई येथे आशियाई कलेसाठी दक्षिण शाखा उघडली, आणि हिंदुस्थानी जेडला तिथे खास जागा मिळाली. बीजिंगहून उसन्या घेतलेल्या वस्तूंवर हाँगकाँगमध्ये २०२२ पासून आणखी एक राजवाडा संग्रहालय चालू आहे. आणि युद्धानंतर नानजिंगच्या कोठारात राहिलेल्या सुमारे २,२०० पेट्या, त्यांतल्या जवळपास एक लाख चिनीमातीच्या वस्तूंसह, अजून तिथेच आहेत. त्या कुणाच्या, यावर बीजिंग आणि नानजिंग यांचे एकमत झालेले नाही.