हलव्याचा दागिना आणि हाताची कमाई



संक्रांत जवळ आली की आमच्या बचत गटांच्या फोनवर फोटो फिरू लागतात. काळ्या कापडावर मांडलेला पांढराशुभ्र हार, बाजूबंद, कंबरपट्टा, नथ, बाळासाठी मुकुट आणि बासरी. हे हलव्याचे दागिने. कुणाची सून पहिल्या संक्रांतीला नटणार असते, कुणाच्या नातवाचं बोरन्हाण असतं. मागणी पुण्या-मुंबईहून येते, कधी परदेशातल्या मराठी घरांतूनही येते. हा धंदा फोनवर आला तो अलीकडे, पण त्यामागचा इतिहास मोठा आहे. आज आपण त्यातला एकच धागा धरू. दागिना बाईचा हे सगळे मानतात. पण दागिना करून मिळालेला पैसा कोणाचा?

आधी कामाकडे बघू. तीळ, खसखस, साबुदाणा किंवा वेलचीचे दाणे परातीत घ्यायचे. परात अगदी मंद आचेवर ठेवायची. साखरेचा पाक चमचा-चमचा सोडायचा आणि बोटांनी दाणे सारखे हलवत राहायचं. पाक वाळला की पुन्हा चमचाभर. असं तासन्‌तास, कधी दोन-तीन दिवस चालतं, तेव्हा कुठे दाण्यावर काटा फुलतो. हवा थंड आणि कोरडी लागते. आभाळ आलं की काटा रुसतो. बोटांना चटके बसतात ते वेगळेच. मग सुईदोरा, पुठ्ठा, सोनेरी जर घेऊन दागिना बांधायचा.

हे काम पूर्वी घरोघरी आजी, आत्या, मावशी करायच्या. कुणी पैसे देत नसे, कुणी मागत नसे. त्याला नाव होतं हौस. हौसेला मोल नसतं असं आपण म्हणतो, आणि म्हणूनच त्या कामाच्या तासांचा हिशेब कुणी मांडला नाही.

आता जरा जुन्या काळात जाऊ. स्त्रीधन हा शब्द आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आईवडिलांनी, भावानं, नवऱ्यानं प्रेमानं दिलेले दागिने आणि वस्तू म्हणजे स्त्रीधन. जुन्या धर्मशास्त्रानंही ते बाईचंच मानलं. या विषयावर सगळ्यात बारकाईनं लिहिणाऱ्यांत कात्यायन हा स्मृतिकार होता. त्याला साधारण दीड हजार वर्षं झाली. त्याचा मूळ ग्रंथ हरवला होता. आपल्या कोकणातले थोर विद्वान, भारतरत्न पां. वा. काणे यांनी इकडेतिकडे विखुरलेली त्याची वचनं गोळा करून १९३३ साली छापली.

या कात्यायनाचा एक नियम आपल्या कामाचा आहे. माहेरची भेट बाईची, असं तो सांगतो. पण बाईनं कारागिरी करून जे धन मिळवलं, त्यावर नवऱ्याचा ताबा, असंही तो सांगतो. म्हणजे हातातली पाटली तिची, पण त्याच हातांनी माळ ओवून मिळवलेला पैसा तिचा नाही!

पोथीतला नियम प्रत्येक घरात तसाच चालला असं नाही. शेतात राबणाऱ्या, बाजारात बसून भाजी-मासळी विकणाऱ्या, कमरेच्या पिशवीत पैसे ठेवणाऱ्या बायका तेव्हाही होत्या. पण बाईची कमाई घरधन्याच्या हातात द्यायची, ही सवय मात्र पोथी न वाचलेल्या घरांतही मुरली.

इंग्रजांच्या राज्यात १८७४ साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा एक कायदा झाला. नोकरी, धंदा किंवा कलाकौशल्यातून मिळालेली कमाई बायकोची स्वतःची, असं त्यात लिहिलं होतं. पण हिंदू, मुस्लिम, बौद्ध, जैन, शीख बायकांना तो लागू नव्हता. मुस्लिम कायद्यात बाईची कमाई आधीपासून तिचीच मानलेली आहे. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख बायकांसाठी स्पष्ट शब्द आले ते स्वातंत्र्यानंतर, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात. त्याच्या कलम १४ मध्ये बाईची ती पूर्ण मालक असलेली मालमत्ता कोणकोणती ते सांगितलं आहे. त्यात स्वतःच्या कौशल्यानं आणि मेहनतीनं मिळवलेली मालमत्ताही आहे. मैत्रिणींनो, कात्यायनानं जे नवऱ्याकडे दिलं होतं, ते कायद्यानं बाईकडे आणलं.

पण कायदा कागदावर राहतो. पैसा हातात पडायला वाट लागते. ती वाट बायकांनी एकत्र येऊन केली. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत उभं राहिलं. काम घरी, पण कामाचा पैसा लाटणारीच्या हातात. १९७५ साली आपल्या राज्यात महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, सुरू झालं. १९९२ साली नाबार्डनं बचत गट बँकेला जोडायला सुरुवात केली. २०१४ साली जनधन योजना आली, तिच्यातलं खातं शिल्लक न ठेवताही उघडता येतं.

या सगळ्या काळात हलव्याचे दागिने घरातून दुकानात गेले. शहरातल्या दुकानांत संक्रांतीचे सेट मांडले जाऊ लागले. घरी बसून माळा ओवणारीला सेटमागे मजुरी मिळे. आपला दागिना कुणी घातला आणि दुकानात तो कितीला गेला, हे तिला कळत नसे.

मग फोन आला. खरं तर न पाहिलेल्या गिऱ्हाइकाला माल पाठवणं आपल्याकडे नवीन नाही. टपाल खात्यानं १८७७ सालीच व्ही.पी. सुरू केली होती. पोस्टमन पार्सल देई, पैसे घेई आणि ते विकणाऱ्याला पोचत. आज आपण जिला कॅश ऑन डिलिव्हरी म्हणतो, तिची ही आजीच. पुढे २०१६ साली यूपीआय आलं, २०१८ साली धंद्यासाठीचं वेगळं व्हॉट्सअॅप आलं. आता गावात बसलेली बाई फोटो टाकते, भाव सांगते, आगाऊ रक्कम घेते. मधला दुकानदार लागत नाही.

इथंच आम्हाला काळजी वाटते. आम्ही गटांत फिरतो तेव्हा विचारतो, "ताई, क्यूआर कोड कुणाचा?" बरेचदा उत्तर येतं, "मुलाचा," नाहीतर, "ह्यांचा." फोन त्यांचा, खातं त्यांचं. चटके हिच्या बोटांना आणि पैसा आल्याचा आवाज दुसऱ्याच्या फोनवर. घरात भांडण नसतं, कुणी वाईटही नसतं. पण किती आले, किती गेले, हे तिला विचारावं लागतं. कायदा बदलून इतकी वर्षं झाली, तरी कात्यायनाचा नियम क्यूआर कोडमधून परत घरात येतो.

म्हणून आम्ही तीन गोष्टी सांगतो.

पहिली, खातं आणि क्यूआर कोड स्वतःच्या नावावर घ्या. खात्याला आपलाच नंबर जोडा, पिन स्वतः पाठ करा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. "पैसे पाठवतो, पिन टाका," असं कुणी म्हणालं तर तो लुबाडणारा समजा.

दुसरी, भाव ठरवताना आपले तास धरा. समजा, एका सेटला साहित्य १५० रुपयांचं आणि खोका २० रुपयांचा. काम सहा तासांचं, तासाला ५० रुपये धरले तर ३०० रुपये. झाले ४७०. शेजारीण ३०० ला देते म्हणून आपणही दिला, तर सहा तासांचे फक्त १३० रुपये हातात येतात. कुरिअरचा खर्च वेगळा सांगा. निम्मी रक्कम आगाऊ घ्या, कारण संक्रांत ते रथसप्तमी एवढाच हा हंगाम. उरलेला सेट पुढच्या वर्षी कामाचा नाही.

तिसरी, बोललो तेच पोचवा. हलवा ओल धरतो, म्हणून कडक खोका, बटर पेपर आणि ओल शोषणारी पुडी घाला. बाळाचं वय आधी विचारा. गोंद लागलेला हलवा खायचा नाही, असं चिठ्ठीवर लिहा. दूरचं गिऱ्हाईक आपल्याला पाहत नाही, ते खोका उघडतं तेव्हाच आपली ओळख होते.

आमच्या गटांत हे दागिने करणाऱ्या काही जणी विधवा आहेत. ज्या हळदीकुंकवाला त्यांना वर्षानुवर्षं कुणी बोलावलं नाही, त्याच समारंभाचे दागिने त्या करतात, आणि त्या पैशांवर मुलांची फी भरतात. त्यांच्या नावावरचं खातं ही त्यांच्यासाठी हौस नाही, आधार आहे.

येत्या बैठकीत वहीचं काम झालं की गटातल्या प्रत्येकीला एवढंच विचारा: तुझ्या मालाचा पैसा कुणाच्या खात्यात येतो? जिचं उत्तर "माझ्या" असं नसेल, तिच्याबरोबर दोघी जणी बँकेत जा. संक्रांतीच्या मागण्या सुरू व्हायच्या आत हे काम उरका.