पाचशे पाउंडांची तबकडी

मँचेस्टरच्या बझकॉक्स या पंक बँडनं २९ जानेवारी १९७७ रोजी 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली आणि स्वतःच विकली. बँडनं आपली रेकॉर्ड आपणच काढायची, या रिवाजाची कुळकथा ब्रिटनमध्ये बहुतेक जण इथून सांगायला घेतात. वंशावळ नीट मांडायची तर मागे जावं लागतं. न्यूयॉर्कमध्ये पॅटी स्मिथची पहिली तबकडी १९७४ मध्ये मेर या अगदी घरगुती लेबलवर निघाली होती. क्लीव्हलंडच्या पेरे उबू बँडनं १९७५ मध्ये तेच केलं. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या द सेंट्सनी सप्टेंबर १९७६ मध्ये 'आय अ‍ॅम स्ट्रँडेड' स्वतःच्याच लेबलवर काढून लंडनच्या समीक्षकांना थक्क केलं. खुद्द ब्रिटनमध्ये डेरेक बेली, इव्हान पार्कर आणि टोनी ऑक्सली या जॅझवाल्यांनी १९७० मध्येच इन्कस हे लेबल उभं केलं होतं.

म्हणजे पहिलेपणाचा मान बझकॉक्सचा नाही. तरीही रिवाज पडला तो त्यांच्यामुळेच, असं मी ठामपणे म्हणेन. आधीच्यांच्या तबकड्या लोकांनी ऐकल्या आणि कपाटात ठेवल्या. 'स्पायरल स्क्रॅच' हातात पडलेल्या कितीतरी जणांनी मात्र स्वतःची तबकडी काढली. असं का झालं, हे समजून घ्यायचं तर ती चार पोरं आणि त्यांचा मित्र रिचर्ड बून यांनी केलं काय, हे तपशिलात पाहायला हवं.

बोल्टन हे मँचेस्टरजवळचं गिरणगाव. तिथल्या तंत्रसंस्थेत शिकणाऱ्या हॉवर्ड ट्रॅफर्डनं १९७५ मध्ये फलकावर चिठ्ठी लावली: व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचं 'सिस्टर रे' वाजवायला जोडीदार हवेत. पीटर मॅकनीश भेटला. पुढे ट्रॅफर्डचा हॉवर्ड डिव्होटो झाला आणि मॅकनीशचा पीट शेली. फेब्रुवारी १९७६ मध्ये 'एनएमई' साप्ताहिकात त्यांनी सेक्स पिस्टल्स या अनोळखी बँडचं परीक्षण वाचलं, गाडी मागून आणली आणि सरळ दक्षिणेला निघाले. लागोपाठ दोन रात्री त्यांनी पिस्टल्स ऐकले. परतताना मनात एकच गोष्ट होती: हे मँचेस्टरला आणायचं.

त्यासाठी त्यांनी कुठल्या आयोजकाची वाट पाहिली नाही. फ्री ट्रेड हॉलच्या वरच्या मजल्यावरचं छोटं सभागृह त्यांनी भाड्यानं घेतलं आणि ४ जून १९७६ ची तारीख ठरवली. तिकीट होतं ५० पेन्स. ही वास्तू उभी आहे ती सेंट पीटर्स फील्डवर. १८१९ मध्ये मताधिकार मागायला जमलेल्या कामगारांवर घोडदळ घातलं गेलं, तीच ही जागा. त्या रात्री जेमतेम चाळीसेक माणसं आली असतील. त्यांत बर्नार्ड समनर आणि पीटर हुक होते, ज्यांनी पुढे जॉय डिव्हिजन हा बँड उभा केला. पुढे गायक म्हणून गाजलेला मॉरिसी होता. स्टीव्ह डिगल दुसऱ्याच कुणाला भेटायला फुटपाथवर उभा होता. पिस्टल्सचा व्यवस्थापक माल्कम मॅक्लॅरन याला वाटलं, आत ज्याची वाट पाहतायत तो बेसवादक हाच. तो त्याला आत घेऊन गेला आणि डिगल बझकॉक्सचा बेसवादक झाला. ड्रम्सला सोळा वर्षांचा जॉन मेहर मिळाला. २० जुलैला पिस्टल्स पुन्हा आले, तेव्हा त्याच सभागृहात बझकॉक्स त्यांच्याआधी वाजवायला उभे होते.

वर्ष संपेपर्यंत पंकची धग सगळ्या वृत्तपत्रांत पोचली, पण व्यवहार सगळा लंडनमध्येच होता. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या कचेऱ्या तिथे, संगीत साप्ताहिकं तिथे, करार करणारी माणसंही तिथेच. मँचेस्टरच्या पोरांना ऐकायला कुणी उत्तरेकडे येत नव्हतं. जानेवारी १९७७ मध्ये द क्लॅश या बँडनं सीबीएस कंपनीशी एक लाख पाउंडांचा करार केला आणि त्याच महिन्यात ईएमआयनं सेक्स पिस्टल्सना बाहेरचा रस्ता दाखवला. कंपनी म्हणजे एक तर दुर्लक्ष, नाही तर असा झोका. शिवाय ही सगळी गंमत किती दिवस टिकणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. विरून जायच्या आत आपण होतो याची एक खूण राहावी, एवढीच त्यांची इच्छा होती. जग बदलायचा जाहीरनामा वगैरे त्यामागे नव्हता, आणि तो नव्हता म्हणूनच ही कृती मला इतकी निर्मळ वाटते.

पैसा लागणार होता ५०० पाउंड. शेलीच्या वडिलांनी आणि मित्रमंडळींनी तो उसना दिला.

हा आकडा नीट समजून घ्यायला हवा, कारण रिवाजाची किल्ली त्यातच आहे. ध्वनिफीत तयार झाली की तिच्यावरून लेथवर लॅकरचा थर दिलेल्या चकतीत खाच कोरतात. त्या चकतीवर धातूचा थर चढवून साचे काढतात आणि साच्यांमध्ये मऊ विनाइल दाबलं की तबकडी निघते. खरा खर्च पहिल्या तबकडीपर्यंत पोचण्याचा असतो. साचा एकदा तयार झाला की पुढची प्रत तेव्हा काही पेन्सांत पडे. कारखान्याला साच्यातलं संगीत कोणाचं याच्याशी काहीच देणंघेणं नसतं. पैसे भरा, माल घेऊन जा. स्टुडिओ ताशी भाड्यानं मिळत होते, कव्हर कुठलाही छापखाना छापून देत होता. म्हणजे कंपनीवाचून अडावं असं या साखळीत काहीच नव्हतं. ही दारं सताड उघडी होती आणि त्यांतून आत जायचं सामान्य पोरांच्या मनातच येत नव्हतं. बूननं चौकशी केली, हिशेब मांडला आणि हजार प्रतींची मागणी नोंदवली.

२८ डिसेंबर १९७६ रोजी मँचेस्टरच्या इंडिगो स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालं. वाजवायला तीन तास लागले, मिश्रणाला आणखी दोन. निर्माता होता मार्टिन हॅनेट. तेव्हा तो स्वतःला मार्टिन झीरो म्हणवत असे, आणि स्थानिक वादकांची एक सहकारी संस्था चालवण्यात त्याचा हात होता. यानंतर अडीच वर्षांत जॉय डिव्हिजनच्या 'अननोन प्लेझर्स'ला त्यानं असा काही अवकाश दिला की निर्मात्यांच्या पिढ्या तो शोधत राहिल्या. इथे मात्र त्यातलं काही नाही. इथे सगळं कोरडं, जवळचं, घाईत आहे. 'बोरडम' या गाण्यात गिटारचा एकल तुकडा येतो, तिथे शेली फक्त दोन सूर वाजवतो, सहासष्ट वेळा तेच दोन सूर. रॉकमध्ये तेव्हा गिटारवादकाची थोरवी त्याच्या बोटांच्या वेगावर मोजली जाई. शेलीनं त्या जागी असं काही ठेवलं जे दुपारभरात कुणालाही वाजवता येईल, आणि तरीही ते विसरता येत नाही. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा असं धैर्य त्या दोन सुरांत आहे.

कव्हरवरचं छायाचित्र बूननं पोलरॉइड कॅमेऱ्यानं काढलं, मँचेस्टरच्या पिकॅडिली भागात एका पुतळ्याच्या पायथ्याशी. लेबलचं नाव न्यू हॉर्मोन्स, क्रमांक ओआरजी १. तबकडीवरची खाच म्हणजे मुळात एक सलग सर्पिल ओरखडाच. नाव ठेवलं तेही तेच, 'स्पायरल स्क्रॅच'.

कव्हर उलटलं की मला या साऱ्या प्रकरणाचा गाभा दिसतो. प्रत्येक गाण्यापुढे ते कसं मुद्रित झालं हे लिहिलंय. 'ब्रेकडाउन' तिसऱ्या टेकमध्ये, म्हणजे तिसऱ्यांदा वाजवताना, वरून काही न जोडता. 'टाइम्स अप', 'बोरडम' आणि 'फ्रेंड्स ऑफ माइन' पहिल्याच टेकमध्ये, वर एकेक गिटार. जॅझच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर टेकचे क्रमांक असत, पण ते संग्राहक आणि अभ्यासक यांच्यासाठी. इथे वाचणारा होता सोळा-सतरा वर्षांचा पोरगा, जो दोन-तीन स्वर कसेबसे धरायला शिकतोय. त्याला कळतं की हे लोक चारपैकी तीन गाणी एकदाच वाजवून थांबले. चुका तशाच ठेवल्या. चार गाण्यांचं काम एका दुपारचं. रेकॉर्ड नावाच्या वस्तूभोवती जे गूढ होतं ते या चार ओळींनी फेडून टाकलं. त्याच सुमारास 'साइडबर्न्स' या चाहत्यांनी काढलेल्या हाती बनवलेल्या अंकात गिटारच्या तीन कॉर्डची आकृती छापून, आता बँड काढा, अशा अर्थाची सूचना आली होती. 'स्पायरल स्क्रॅच' हा तिचा पुढचा धडा होता: बँड निघाला असेल तर आता तबकडी काढा.

हजार प्रती पाहता पाहता गेल्या. काही टपालानं गेल्या. व्हर्जिन या रेकॉर्ड दुकानांच्या साखळीच्या मँचेस्टर शाखेच्या व्यवस्थापकानं काही ठेवून घेतल्या आणि इतर शाखांच्या व्यवस्थापकांनाही गळ घातली. लंडनमध्ये जेफ ट्रॅव्हिसचं रफ ट्रेड हे दुकान वर्षभरापूर्वीच उघडलं होतं, तिथूनही मागणी आली. पुन्हा पुन्हा छपाई होत एकूण सोळा हजार प्रती विकल्या गेल्या. उसने पैसे फिटले.

बँडची पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो. तबकडी बाहेर पडल्यावर काही दिवसांतच डिव्होटो बँड सोडून अभ्यासाकडे वळला. नंतर त्यानं मॅगझिन हा बँड काढला. शेली गाऊ लागला, डिगलनं बेस ठेवून गिटार हाती घेतली. १६ ऑगस्ट १९७७ रोजी, एल्व्हिस प्रेस्ली गेला त्याच दिवशी, बझकॉक्सनी युनायटेड आर्टिस्ट्स या मोठ्या कंपनीशी करार केला. प्रेमातल्या फजितीवर शेलीनं लिहिलेली गाणी लोकप्रिय झाली. 'एव्हर फॉलन इन लव्ह' १९७८ मध्ये ब्रिटिश क्रमवारीत बाराव्या क्रमांकावर पोचलं. १९८१ मध्ये बँड फुटला, १९८९ मध्ये पुन्हा जमला. शेली ६ डिसेंबर २०१८ रोजी एस्टोनियात टॅलिनला वारला.

कंपनीशी झालेल्या या करारावरून त्यांना बोल लावणारे आजही भेटतात. मला तो आक्षेप पटत नाही. त्यांनी स्वतः छापलं ते गरजेपोटी, आणि गरजेपोटी केलेल्या कामातून इतरांना वाट मिळाली. वाट दाखवणाऱ्यानं जन्मभर त्याच वाटेवर उभं राहिलं पाहिजे, असं थोडंच आहे? शिवाय न्यू हॉर्मोन्स लगेच बंद पडलं नाही. त्याचं दुसरं प्रकाशन, ओआरजी २, ही तबकडी नव्हतीच. लिंडर स्टर्लिंग आणि जॉन सॅव्हेज यांच्या कोलाजचित्रांची ती पुस्तिका होती, 'द सीक्रेट पब्लिक'. बूननं पुढे लूडससारख्या बँडांच्या तबकड्या काढल्या आणि त्यानंतर काही वर्षांनी तो ग्रंथालयात नोकरीला लागला.

कुळ वाढलं ते बाहेर. एडिंबरात बॉब लास्टच्या हाती 'स्पायरल स्क्रॅच' पडली आणि त्याच्या डोक्यातल्या फास्ट प्रॉडक्ट या लेबलच्या कल्पनेला वस्तू सापडली. मेकॉन्स, ह्यूमन लीग, गँग ऑफ फोर यांच्या पहिल्या तबकड्या १९७८ मध्ये त्यानंच काढल्या. लंडनच्या डेस्परेट बायसिकल्सची जातकुळी तीच. हा बँड मार्च १९७७ मध्ये जमला तोच मुळी स्वतःची तबकडी काढायला. डॉल्स्टनमध्ये तीन तासांसाठी स्टुडिओ घेतला आणि दोन्ही बाजूंना तीच दोन गाणी छापून पैसे वाचवले. दुसऱ्या तबकडीच्या कव्हरवर त्यांनी पहिलीचा एकूण खर्च जाहीर केला: १५३ पाउंड. आणि वाचणाऱ्याला विचारलं, तुमची अजून का निघाली नाही?

स्क्रिटी पोलिटी हा बँड आणखी पुढे गेला. १९७८ च्या 'स्कँक ब्लॉक बोलोन्या'च्या फोटोकॉपी केलेल्या कव्हरवर बाबवार जमाखर्चच आहे: केंब्रिजच्या स्टुडिओत चौदा तासांचे ९८ पाउंड, साच्यासाठीच्या कोरणीचे ४०, कोऱ्या लेबलांवर मारायच्या रबरी शिक्क्याचे ८. सोबत कुठे जायचं, ते पत्तेही दिलेले. बझकॉक्सनी टेक सांगितले होते. इथे पैसा सांगितला. आता लपवण्याजोगं काही उरलंच नव्हतं. त्याच सुमारास मँचेस्टरला फॅक्टरी, लंडनला म्यूट, लिव्हरपूलला झू, ग्लासगोला पोस्टकार्ड अशी लेबलं दोन-तीन वर्षांत उभी राहिली. पोस्टकार्डच्या ऑरेंज ज्यूस बँडनं तर पुढे आपल्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात 'बोरडम'ची आणि त्या दोन सुरांची आठवण काढली.

जानेवारी १९८० मध्ये 'रेकॉर्ड बिझनेस' साप्ताहिकानं स्वतंत्र तबकड्यांची वेगळी क्रमवारी सुरू केली. तिथे प्रवेशाची अट गाण्याच्या शैलीची नव्हती. माल मोठ्या कंपन्यांच्या वितरणाबाहेरून दुकानात पोचलेला असावा, एवढीच ती अट होती. अडचण नेमकी तिथेच होती. तबकडी काढणं सोपं झालं, पण ती न्यूकासलच्या किंवा कार्डिफच्या दुकानात पोचवणार कोण? रफ ट्रेडच्या पुढाकारानं यॉर्क, ब्रिस्टल, नॉर्विच, लिव्हरपूल, एडिंबरा इथल्या दुकानदारांनी 'कार्टेल' नावाचं वितरणाचं जाळं विणलं. पत्रं, फोन, व्हॅन आणि उधारीच्या वह्या यांवर ते दशकभर चाललं. पण माल वाढला तशी उधारी वाढली, आणि १९९१ मध्ये रफ ट्रेड डिस्ट्रिब्युशन कोसळलं. ज्यांचे पैसे त्यात अडकले होते अशी कितीतरी लहान लेबलं त्याबरोबर अडचणीत आली.

रफ ट्रेडचं दुकान तेवढं वाचलं. तिथे काम करणाऱ्यांनी १९८२ मध्येच ते विकत घेऊन वेगळं चालवायला घेतलं होतं. ते आजही चालू आहे.