पोफळीचे पाणी आणि हवामानविषयक खटल्यांची गणना

रत्नागिरी जिल्ह्यातील पोफळी येथे सह्याद्रीच्या पोटात कोयना प्रकल्पाचे भूमिगत वीजगृह असून तेथे १९६२ साली वीजनिर्मितीस प्रारंभ झाला. कृष्णेच्या खोऱ्यात पडलेले पावसाचे पाणी शिवाजीसागरात साठते, बोगद्यांतून पोफळीस उतरते आणि कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत जाऊन अरबी समुद्रास मिळते. यामुळे महाराष्ट्रास वीज लाभली. परंतु कृष्णेच्या खालच्या राज्यांच्या दृष्टीने तेवढे पाणी नदीला कायमचे अंतरले.

या वादाचा निवाडा अखेर आकड्यांवर आला. १९६९ साली स्थापन झालेल्या बचावत लवादाने ७८ वर्षांच्या प्रवाहनोंदींवरून कृष्णेचे ७५ टक्के विश्वासार्हतेचे पाणी २०६० अब्ज घनफूट ठरविले आणि कोयनेचे पश्चिमेकडील वळण टप्प्याटप्प्याने ६७.५ अब्ज घनफुटांपर्यंत मर्यादित केले. २००४ साली नेमलेल्या ब्रिजेशकुमार लवादाने मात्र १९६१-६२ ते २००७-०८ या ४७ वर्षांची मालिका स्वीकारली. त्याच विश्वासार्हतेस त्याचा अंक २१७३ आला. आंध्र प्रदेशाने या निवडीस हरकत घेतली. नदी तीच; परंतु कोणती वर्षे मोजावयाची, हाच न्यायनिर्णयाचा प्रश्न बनला.

आज हवामानबदलविषयक खटल्यांचे संगणकीय संग्रह सिद्ध होत आहेत. कोलंबिया विद्यापीठाच्या सेबिन केंद्राचा संग्रह त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. अशा संग्रहांमुळे देशोदेशींच्या निर्णयांची तुलना सुकर होते, हे निर्विवाद. तथापि केवळ 'हवामानबदल' या शब्दाने शोध घेतल्यास पोफळीच्या पाण्याचा वाद हाती लागेलच, असे नाही. कारण त्याची नोंद आंतरराज्य जलविवाद म्हणून झालेली आहे. उलट, माळढोक पक्ष्याच्या रक्षणासाठी २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेली याचिका प्रारंभी वन्यजीवांच्या वर्गात बसली असती. त्याच प्रकरणी २१ मार्च २०२४ रोजी न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क संविधानाच्या १४ व २१ या अनुच्छेदांतून मान्य केला. म्हणजे खटल्याचा वर्ग दाखल होण्याच्या दिवशीच निश्चित होतो, असे मानता येत नाही.

म्हणून अशा नोंदवहीत पक्षकार, वर्ष व निकाल एवढेच रकाने पुरेसे नाहीत. कोणती प्रवाहमालिका वा पर्जन्यमालिका पुराव्यादाखल आली, ती किती वर्षांची होती आणि तिच्यावर कोणी आक्षेप घेतला, याचीही नोंद आवश्यक आहे. तसेच वर्गीकरण वेळोवेळी तपासले गेले पाहिजे. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण बुडाले, तेव्हा कोळकेवाडीतून सोडलेल्या पाण्याची चर्चा झाली. पाऊस किती, सोडलेले पाणी किती आणि भरतीचा वाटा किती, हे वेगळे काढणे नोंदींवाचून शक्य नसते. ज्या खोऱ्यात पाऊस आणि यंत्र एकाच प्रवाहात मिसळतात, तेथे उत्तरदायित्वाचा निर्णय मोजमापाच्या प्रामाणिकपणावर अवलंबून राहतो.