मताचा हक्क आपल्या दारी कसा आला



प्राचीन रोममध्ये राज्यसत्ता काही कुलीन घराण्यांच्याच हाती होती. नांगर धरणारा, लढाईत मरणारा आणि कर्जापायी दास होणारा सामान्य जन 'प्लेबियन' म्हणविला जाई. परंपरा सांगते की, इ. स. पूर्व ४९४ मध्ये हे लोक शस्त्र न चालविता नगर सोडून जवळच्या टेकडीवर जाऊन बसले. मग नगराचे रक्षण कोणी करावे? कुलीन नमले आणि प्लेबियनांना 'ट्रिब्यून' हे आपले कैवारी अधिकारी निवडण्याचा हक्क मिळाला. इ. स. पूर्व २८७ मध्ये त्यांच्या सभेचे ठराव सर्व नागरिकांस बंधनकारक झाले. मध्ये दोनशे वर्षे गेली!

आपल्या परभणी जिल्ह्याची कथाही अशीच आहे. निजामी अमदानीत सभा भरविण्यासही सरकारी परवानगी लागे. १९३७ साली तेव्हा आपल्याच जिल्ह्यात असलेल्या परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. १९३८ मध्ये हैद्राबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली व सत्याग्रह सुरू झाला. १९३९ च्या सुधारणांनी धंदेवार प्रतिनिधित्व देऊ केले. सर्वांस मत मात्र नव्हे. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील लढा पुढे चालला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले आणि १९४९ साली जहागिऱ्या संपुष्टात आल्या.

१९५२ च्या सुमारास पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी, तिच्यावर त्याचे चिन्ह. आमचे आजोबा निरक्षर होते. ते सांगत, "पाटलाची चिठ्ठी एक, माझीही एकच. त्या दिवशी मी प्रथम ताठ चाललो."

रोममध्ये स्त्रियांना मत कधीच मिळाले नाही. आपल्याकडे त्या पहिल्याच निवडणुकीत मिळाले. १९९३ च्या घटनादुरुस्तीने पंचायतींत त्यांना एक तृतीयांश जागा राखीव झाल्या, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. परंतु एका गावच्या ग्रामसभेत मी जे पाहिले ते लिहिताना मान खाली जाते. सरपंचबाई आपल्याच समाजाच्या. त्या दाराशी उभ्या आणि खुर्चीवर त्यांचे यजमान! मीही तेथे होतो आणि गप्प बसलो. शिक्षकाने गप्प बसावयास नको होते.

रोमचा कुलीन निदान परका तरी होता. येथे हक्क अडविणारे आपणच आहोत. बांधवहो, पुढील ग्रामसभेत ती खुर्ची रिकामी करून द्या. आजोबांसारखे ताठ चालण्याचा अधिकार तिचाही आहे.